पन्नास सेंटचं तिकीट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून मेसेज आला तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते आमचं नववीचं भित्तिपत्रक आणि त्यावरचा माझा सर्कसवरचा लेख. जुन्या अमेरिकन सर्कशींवर लिहिला होता, हत्ती, झुले, विदूषक, सगळं एकदम रंगीबेरंगी. गणिताच्या सरांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "छान आहे रे, पण खर्च किती आला ते कुठे लिहिलंयस?" मी म्हटलं सर लिहिलंय की, तिकीट पन्नास सेंट, लहान मुलांना अर्धं. त्यावर सर नुसते हसले, आणि दुसऱ्या दिवशी तासाला फळ्यावर तंबूच काढला.

आईवडील आणि दोन मुलं, म्हणजे दीड डॉलर. इथवर सोपं. पण मोठ्या तंबूकडे जायच्या वाटेवरच साइड-शोचा, म्हणजे मुख्य खेळाबाहेरच्या छोट्या खेळांचा वेगळा तंबू, बाहेर गळा फाडून ओरडणारा माणूस, आणि तिकीट साधारण दहा सेंट. आत गेलं की पुन्हा एक पडदा, त्यामागचं बघायचं तर अजून पैसे! मग मुख्य तंबूत शिरल्यावर कळायचं की पन्नास सेंटमध्ये मिळते ती नुसती पाठ नसलेली फळी, टेकून बसायचं तर रिझर्व्ह सीटचे जास्तीचे पैसे. आणि खेळ ऐन रंगात आला की मधेच घोषणा व्हायची, हा संपला की इथेच 'कॉन्सर्ट', म्हणजे वेगळ्या तिकिटाचा जादा कार्यक्रम आहे म्हणून, आणि तिकीटवाले बाकांमधून फिरायला लागायचे, ज्यांनी नाही घेतलं त्यांनी उठून बाहेर जायचं. आता पोरं उठतात होय? सरांनी रिझर्व्हचे समजा पंचवीस आणि कॉन्सर्टचे समजा दहा धरले, पडद्यामागचं सोडूनच दिलं, तरी दीड डॉलरचे तीन डॉलर तीस सेंट झाले. गुलाबी लिंबू सरबत अजून बाकीच होतं.

मला मात्र खरी मजा वाटली ती तिकीटगाडीची. खिडकी मुद्दाम उंच ठेवलेली, आतला माणूस त्याहून वर बसलेला, त्यामुळे काउंटरवर ठेवलेले सुट्टे खालच्याला नीट दिसायचेच नाहीत, त्यात मागून रेटारेटी, आत बँड सुरू झालेला, मग माणूस तिकीट उचलून पळायचा आणि मागे राहिलेले पैसे आतल्याचे. काही सर्कशींत तर नोट दुमडून एकीच्या दोन मोजून द्यायचे, बाहेर वाट्यांखालचा दाणा ओळखायचा खेळ मांडून बसलेले लोकही सर्कसवाल्यांना हिस्सा देऊनच बसलेले असायचे. रिंगलिंग बंधूंनी १८८४ मध्ये स्वतःची सर्कस काढली आणि पुढे असल्या लोकांना थारा दिला नाही तर धंद्यातली मंडळी त्यांना 'संडे स्कूल' (चर्चमधली रविवारची धर्मशिक्षणाची शाळा) सर्कस म्हणून चिडवायची. साइड-शो आणि कॉन्सर्ट तिथेही होतेच हां!

अमेरिकेतला प्रसिद्ध सर्कसवाला पी. टी. बार्नम, त्याचं तर काय सांगावं. सर्कशीत पडायच्या आधी न्यूयॉर्कमध्ये त्याचं म्युझियम होतं, प्रवेश पंचवीस सेंट. लोक आत रेंगाळायचे म्हणून 'इग्रेस'कडे जायचा रस्ता अशी पाटी लावली, लोकांना वाटलं कुठला तरी प्राणी असेल, पण इग्रेस म्हणजे बाहेर जायची वाट, दार उघडलं तर थेट रस्त्यावर, परत यायचं तर परत पंचवीस सेंट. १८८२ मध्ये त्याने लंडनहून जंबो हत्ती दहा हजार डॉलरला आणला, तो १८८५ मध्ये रेल्वेखाली गेला, तर बार्नमने सांगाडा वेगळा आणि पेंढा भरलेलं कातडं वेगळं असं दोन्ही दाखवून पैसे कमावले. हे ऐकून आमचा वर्ग एकदम गप्प झाला होता, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, मग एका हत्तीची दोन तिकिटं का?" असा हशा पिकला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

तिमाही परीक्षेत सरांनी प्रश्न टाकलाच. चौघांच्या तिकिटांसाठी वडिलांनी तिकीटगाडीवर पाच डॉलरची नोट दिली, तर हातात किती परत आले? मी आनंदाने साडेतीन लिहिलं. सरांनी अर्धा मार्क कापला. पेपर घेऊन भांडायला गेलो तर म्हणाले, "परत किती यायला हवे होते ते कुठे विचारलंय? हातात किती आले ते विचारलंय."