सेंट अँड्र्यूज: विमेन्स ओपन २०२४ पाहिली त्याची हकीकत, आणि जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

गोल्फची मोठी स्पर्धा आयुष्यात एकदाच प्रत्यक्ष पाहायची असेल तर ती स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावी पाहावी, आणि शक्यतो महिलांची पाहावी, असं माझं ठाम मत झालं आहे. पुरुषांच्या ओपनच्या तिकिटांसाठी सोडत निघते. विमेन्स ओपनचं तिकीट सरळ विकत मिळतं, सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर मोफत सोडतात आणि गर्दी बेताची असते. २०२४ मध्ये ही स्पर्धा २२ ते २५ ऑगस्ट अशी ओल्ड कोर्सवर, म्हणजे गावाच्या जुन्या गोल्फ मैदानावर झाली. त्याआधी ती इथे फक्त २००७ आणि २०१३ साली भरली होती.

आधी पोचण्याचं. सेंट अँड्र्यूजला रेल्वे जात नाही, तो फाटा १९६९ सालीच बंद झाला. एडिनबराहून रेल्वेने तासाभरात ल्यूकर्स, आणि स्टेशनाबाहेरून ९९ नंबरची बस. गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा. फोर्थ खाडीवरचा जुना पोलादी पूल ओलांडला की बराच वेळ समुद्र सोबत करतो. ऑगस्टमध्ये एडिनबराला फेस्टिव्हल असतो, तेव्हा तिथल्या खोल्यांचे भाव ऐकवत नाहीत. त्यापेक्षा डंडी शहरात मुक्काम करा, तीच ९९ नंबरची बस तिथून येते. गावातच राहायचं असेल तर सुट्टीत सेंट अँड्र्यूज विद्यापीठाची वसतिगृहं पाहुण्यांना भाड्याने देतात, त्यांची चौकशी लवकर करावी. व्हिसाचा अर्ज दोन-तीन महिने आधी टाकलेला बरा.

ऑगस्ट म्हणजे तिथला उन्हाळा, पण त्यावर विसंबू नका. त्या शुक्रवारी लिलियन वादळ ब्रिटनवरून गेलं, आणि पहिले दोन्ही दिवस वारा असा होता की छत्रीचा उपयोगच नव्हता. टोपीसकट रेनकोट, आत लोकरीचं काहीतरी, भिजले तरी चालतील असे बूट आणि दुर्बीण एवढं हवंच.

दुर्बीण का, ते ओल्ड कोर्सच्या रचनेवरून कळतं. पहिले नऊ होल, म्हणजे चेंडू खड्ड्यापर्यंत न्यायच्या वाटा, गावापासून दूर जातात, पुढचे नऊ त्यांना खेटूनच परत येतात. अठरापैकी चौदा होल सात जोडग्रीनवर संपतात (ग्रीन म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ), म्हणजे एकाच हिरवळीवर दोन झेंडे. पहिलं, नववं, सतरावं आणि अठरावं, एवढ्याच होलना स्वतंत्र ग्रीन आहे. त्यामुळे मधल्या पट्ट्यात प्रेक्षकांना जागाच उरत नाही. आपण कडेच्या दोरीबाहेर, आणि झेंडा कधीकधी फार लांब. नामांकित खेळाडूच्या मागे चालत राहिलात तर निम्मे फटके दुसऱ्यांच्या पाठी पाहण्यात जातील.

मी सुचवेन ते असं: सकाळी दूरच्या टोकाला जा. सातव्या आणि अकराव्या होलच्या खेळाडूंच्या वाटा तिथे एकमेकींना छेदतात. अकरावं छोटं, पार तीनचं, म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित, मागे ईडन नदीची खाडी. वाऱ्यात अंदाज चुकला की चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. या कोर्सवर एकूण ११२ बंकर आहेत, पण अकराव्याच्या तोंडाशी बसलेला स्ट्रॅथ पाहिला की बाकीच्यांचा धाकही कळतो. दुपारी सतराव्याला या. ग्रीनच्या मागे डांबरी रस्ता, रस्त्यामागे दगडी भिंत, पुढे डाव्या हाताला खोल रोड बंकर. शेवटच्या दिवशी अठराव्याच्या स्टँडमध्ये मात्र दुपार होण्याआधीच जागा धरावी लागते.

खेळ कसा झाला? गुरुवारी चार्ली हल ६७ फटक्यांत फेरी संपवून पुढे होती, शुक्रवारी नेली कोर्डा, शनिवारी जियाई शिन. वारा आणि जोडग्रीन यांमुळे सगळेच एकमेकांसाठी थांबत होते, फेऱ्या तासन्‌तास रेंगाळल्या. रविवारी चौदाव्यावर कोर्डाचे दोन फटके वाया गेले आणि हिशेब बदलला. लिडिया को पुढच्या गटात होती. सतराव्यावर पार, अठराव्यावर बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, चार फेऱ्यांचे एकूण २८१, म्हणजे पारपेक्षा सात कमी. मग मागचे गट येईपर्यंत ती वाट पाहत राहिली. दोन फटक्यांनी तीच जिंकली. दोनच आठवड्यांपूर्वी, १० ऑगस्टला, तिने पॅरिसमध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेतलं होतं. रिओत रौप्य, टोकियोत कांस्य आणि आता सुवर्ण. आणि २०१६ नंतर तिच्या हाती मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, लागली ती गोल्फच्या माहेरघरी. तो आनंद त्या स्टँडमध्ये परक्यालाही आपला वाटत होता.

पण मला सर्वांत जास्त पाहावीशी वाटली ती लॉटी वोड. वीस वर्षांची इंग्लिश मुलगी, तेव्हा हौशी. एप्रिलमध्ये ऑगस्टा नॅशनलची महिला हौशी स्पर्धा जिंकून आलेली. इथे ती व्यावसायिकांमध्ये संयुक्त दहावी आली. विजेतीला १४ लाख २५ हजार डॉलर मिळाले, वोडला एक पैसाही नाही, कारण हौशी खेळाडूला ही रक्कम घेता येत नाही. तिला मिळाली ती सर्वोत्तम हौशी खेळाडूला दिली जाणारी स्मिथ सॅल्व्हर नावाची तबकडी. पुढल्या वर्षी तिने हौशी असतानाच आयरिश ओपन मारली, लगेच व्यावसायिक झाली आणि पहिल्याच स्पर्धेत स्कॉटिश ओपन जिंकली. म्हणून सांगते, तिकीट काढाल तेव्हा यादीत हौशी कोण आहेत ते बघा आणि एक सकाळ त्यांच्यातल्या एखादीबरोबर चाला. तिथे दोरीशी माणसं कमी असतात आणि फटका मारण्याआधीचा विचार चेहऱ्यावर दिसतो. याच मैदानावर १९३० मध्ये अमेरिकन बॉबी जोन्सने ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या ओपन आणि हौशी अशा चारही स्पर्धा खिशात घातल्या. स्पर्धा गाजवल्या त्या सगळ्या त्याने हौशी म्हणूनच. दहाव्या होलला त्याचं नाव आहे.

स्पर्धेनंतर निदान पुढच्या रविवारपर्यंत मुक्काम ठेवता आला तर ठेवा. एरवी रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि मैदान सगळ्यांना फिरायला मोकळं. ही जमीन गावाची आहे. गावकऱ्यांचा इथे खेळण्याचा हक्क १५५२ च्या सनदेत लिहून ठेवलेला आहे. कुत्री, बाबागाड्या, आजी-आजोबा सगळे मैदानातल्या स्विल्कनच्या छोट्या पुलावर फोटो काढतात. चपला घालूनही चालता येतं, फक्त ग्रीनवर आणि बंकरमध्ये पाय ठेवू नका.

खेळायचंच असेल तर ओल्ड कोर्ससाठी दोन दिवस आधी सोडतीत नाव टाकावं लागतं, किमान दोघांचा गट आणि हँडिकॅपचा, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला हवा. नंबर लागेलच असं नाही. १८९५चा न्यू कोर्स शेजारीच आहे आणि तिथे आधी आरक्षण मिळू शकतं. मुलं किंवा नवशिके बरोबर असतील तर बालगोव्हचा नऊ होलचा कोर्स घ्या. गोल्फ कधीच न खेळलेल्यांनी हिमालयाजला जावं, म्हणजे १८६७ पासूनच्या लेडीज पटिंग क्लबच्या उंचसखल हिरवळीवर. थोड्या पैशांत पटर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायची काठी, आणि चेंडू मिळतो. बाहेरच्यांसाठीच्या वेळा रोज बदलतात, फाटकावरची पाटी वाचून मगच बेत आखा.

पुरुषांची ओपन जुलै २०२७ मध्ये इथे परत येते आहे. तिकिटांच्या सोडतीसाठी ओपनच्या वन क्लबचं सभासदत्व घ्यावं लागतं, ते मोफत आहे. खोली मात्र तिकिटाची वाट न बघता आत्ताच धरा, रद्द करता येईल अशी.