आकृती दोनमध्ये फट आहे, तीनमध्ये नाही

पेटंटच्या अर्जाचं हिअरिंग साडेअकराला होतं आणि अर्जदार काका सव्वादहालाच नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात येऊन बसले होते. मांडीवर श्रीखंडाचा एक किलोचा डबा. श्रीखंड कधीच संपलेलं, आत टर्मिनलं खुळखुळत होती.

"साहेबांनी मागितलं तर दाखवायला," ते म्हणाले.

"काका, हिअरिंग व्हिडिओवर आहे. अँटॉप हिलला पेटंट ऑफिसात जायचं नाहीये आपल्याला."

"मग कॅमेऱ्यासमोर धरू की."

मी पेटंट एजंट. त्याआधी काही वर्षं वागळे इस्टेटमध्ये प्रॉडक्शनला होते, त्यामुळे माझ्याकडे येणारी बरीचशी मंडळी तिथलीच. एक शेड, चार मशीनं, सहा माणसं, आणि मालकाच्या डोक्यात काहीतरी घोळत असतं. काकांचं वर्कशॉपही त्यातलंच. जळालेले एसीचे कंप्रेसर लेथवर कापायचे, मोटर नव्याने वाइंड करायची, डबा परत वेल्ड करून द्यायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. पेटंटचा अर्ज होता त्या डब्यातल्या टर्मिनलचा.

टर्मिनल कुणी मुद्दाम बघायला जात नाही, म्हणून सांगते. फ्रिजचा किंवा एसीचा कंप्रेसर म्हणजे वेल्ड करून कायमचा बंद केलेला काळा लोखंडी डबा. मोटर आत, वायर बाहेर. वीज आत गेली पाहिजे, पण गॅसचा कणही बाहेर येता कामा नये. हे काम एका छोट्या पोलादी वाटीवर सोपवलेलं असतं. वाटीला तीन भोकं, प्रत्येक भोकात एक पिन, आणि पिनेभोवती काच. कॉमन, स्टार्ट, रन. भट्टीत काच वितळून जागेवर बसते, आणि थंड होताना पोलाद काचेपेक्षा जास्त आक्रसून तिला चहूबाजूंनी आवळतं. काच ताणली की फुटते, पण दाबून धरली तर भलतीच चिवट. असावीच लागते. एसीच्या रोटरी कंप्रेसरमध्ये अख्ख्या डब्यात डिस्चार्जचा, म्हणजे दाबून बाहेर सोडल्या जाणाऱ्या गॅसचा दाब असतो. आर-४१०ए गॅस आणि मे महिन्यातली दुपार असली तर ३० बारच्या आसपास. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज करा.

पण खरी भानगड काच मळण्याची. मोटर जळायला लागली की काजळी, तांब्याचे बारीक कण, करपलेलं तेल असं सगळं आत फिरतं आणि काचेवर बसतं. मग वीज पिनेवरून निघते आणि त्या मळक्या काचेवरून चालत चालत पोलादापर्यंत पोचते. ठिणगी पडते, काच तडकते, आणि मागे दाब असल्यामुळे पिन बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर. तिच्यामागे तेलाचा आणि गॅसचा फवारा, आणि तो पेटू शकतो. टर्मिनलवरचं झाकण काढून कंप्रेसर चालू करू नका असं बजावतात, ते यासाठी. काकांची उजवी भुवई मध्ये तुटलेली आहे. मेकॅनिक असताना एकदा झाकण न लावता स्विच टाकला होता. तेव्हापासून ते टर्मिनलच्या मागे लागलेत.

यावर उपाय म्हणून आतल्या बाजूने पिनेवर इन्सुलेशन चढवतात. सिलिकॉन रबराची टोपी, नाहीतर इपॉक्सी, नाहीतर सिरॅमिकची कॉलर. विजेला पृष्ठभागावरून जितकं लांब चालावं लागेल तितकं बरं. या अंतराला आमच्याकडे क्रीपेज म्हणतात. यात नवीन काही नाही. पेटंटच्या एच०१बी १७/२६ या वर्गात शोधायला बसलात तर संध्याकाळपर्यंत उठणार नाही.

एफईआरमध्ये म्हणजे पहिल्या तपासणी अहवालात तेच आलं होतं. (हा अहवालही उशिराच आला. तपासणीची मागणी करायला आमच्या वेळी ४८ महिने मिळायचे, २०२४च्या मार्चपासूनच्या अर्जांना ३१. काकांनी फीचे पैसे बाजूला टाकायला जवळजवळ सगळे ४८ वापरले.) एक्झामिनरने दोन जुनी परदेशी पेटंटं पुढे ठेवली होती. पहिल्यात रबराची टोपी, काचेला आणि पिनेला पूर्ण लांबीभर चिकटवलेली. दुसऱ्यात वरून सिरॅमिकची कॉलर. दोन्ही एकत्र केलं की तुमचंच टर्मिनल होतं, मग यात शोध कसला? पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए). शिवाय कलम ३(एफ), म्हणजे ओळखीच्या वस्तूंची नुसती मांडामांड. सहा महिन्यांच्या मुदतीत मी उत्तर दिलं होतं. आता वाचलं तर लक्षात येतं की ते उत्तर वकिली होतं. खूप लिहिलं होतं आणि मुद्दा कुठेच नव्हता.

साडेअकराला कंट्रोलर साहेब, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे अधिकारी, पडद्यावर आले. आवाज हळू, चष्मा कपाळावर. माझं दहा मिनिटांचं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आकृती दोनमध्ये रबर आणि पिन यांच्यात वरच्या बाजूला फट दिसते. आकृती तीनमध्ये ती नाही. तुमचा शोध यातला कोणता?"

मी कागद चाळल्यासारखं केलं. चाळायची गरज नव्हती. ती फट कुठे गेली हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक माझ्या शेजारी डबा घेऊन बसलं होतं.

झालं असं होतं. पहिल्यांदा काका आले तेव्हा त्यांनी एका बिलाच्या पाठीवर पेनाने चित्र काढून आणलं होतं. टोपीचा पाय काचेला चिकटलेला, आणि वर पिनेभोवती साधारण एक मिलिमीटरची मोकळी जागा. घाईत तेच स्कॅन करून मी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरत्या अर्जाबरोबर जोडलं. वर्षाच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायचं तेव्हा चित्रं मीच कॅडमध्ये काढली. आकृती दोन काढली, मग ती फट डोळ्यांना खुपायला लागली. मला वाटलं काकांचा हात हलला असेल, नाहीतर त्यांच्या पोरांनी प्रायमर नीट लावला नसेल. इन्सुलेशन अर्धवट चिकटवलेलं कोण दाखवतं? आकृती तीनमध्ये मी रेघ पुढे ओढून फट बुजवून टाकली. दोनमध्येही बुजवणार होते, पण काकांनी प्रिंट बघितली आणि म्हणाले, "ती राहू द्या. ती मुद्दाम आहे." का, हे मी विचारलं नाही. वर्णनात एक वाक्य घातलं, की टोपीचा वरचा भाग पिनेला न चिकटवणे अधिक श्रेयस्कर, आणि पुढच्या कामाला लागले. सहा वर्षं ते वाक्य तिथे पडून होतं.

"सर, आकृती दोन बरोबर आहे," मी म्हणाले. "तीन माझी चूक आहे."

हिअरिंगमध्ये असं सरळ म्हणायची सवय आम्हाला नसते. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ठीक. पण मग प्रश्न वाढतो. पहिलं पेटंट म्हणतं पूर्ण चिकटवा. तुम्ही कमी चिकटवता. कमी केल्याने सुधारणा कशी झाली? फार तर वर्कशॉप इम्प्रूव्हमेंट म्हणता येईल." आणि त्यांनी बिश्वनाथ प्रसाद राधेश्यामचं नाव घेतलं. घेणारच होते. भांडी लेथवर धरायच्या पद्धतीवरचा तो खटला, सुप्रीम कोर्टाचा १९७८चा निकाल. वर्कशॉपमध्ये कुशल कारागीर सहज करेल तेवढ्याने पेटंट मिळत नाही, त्याहून काहीतरी जास्त लागतं. छोट्या कारखानदाराच्या प्रत्येक अर्जावर हे वाक्य कधी ना कधी येऊन बसतं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्पेसिफिकेशनमध्ये कारण लिहिलेलंच नव्हतं, कारण मी ते विचारलंच नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी बोललेलं निम्मंच कळतं, पण "व्हाय" कळलं होतं. ते कॅमेऱ्याकडे सरकले आणि हिंदीत सुरू झाले.

"साहब, सोडे की बोतल का ढक्कन एकदम खोलो तो क्या होता है?"

पुढचं मी मराठीत सांगते. काकांचं म्हणणं असं, की सिलिकॉन रबर गॅस पितं. कंप्रेसर चालू असताना दाबाखाली गॅस रबरात मुरतो, टोपी थोडी फुगते. एसी बंद झाला की डब्यातला दाब उतरतो आणि मुरलेला गॅस बाहेर यायला धडपडतो. टोपी वरपर्यंत चिकटवलेली असेल तर पिन आणि रबर यांच्यामध्ये अडकलेल्या गॅसला वाट नाही. तो रबराला आतून उचलतो, आणि रोज दहादा एसी चालू-बंद होताना टोपीचा पाय काचेवरून हळूहळू सुटतो. पाय सुटला की खाली तेल शिरतं, तेलाबरोबर काजळी. मग टोपी असून नसल्यासारखी. उलट वाईट, कारण आत मळ साठलाय हे वरून दिसतच नाही. वर फट ठेवली तर गॅस पिनेच्या कडेने निघून जातो, पायाला धक्का लागत नाही.

"पण त्या फटीतही तेल आणि काजळी जाईल ना?" साहेब. प्रश्न अगदी नेमका होता. मलाही त्याच क्षणी पडला होता.

"जाऊ दे ना साहेब," काका आता मराठीवर आले होते. "फटीत जाऊन करणार काय ती? एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला रबर. पिनेवरून पिनेवरच जाणार वीज. पोलाद खाली आहे, आणि तिथे पाय घट्ट आहे."

साहेब हसले, मराठी त्यांना कळत असावं. काहीतरी लिहून घेतलं.

मग काकांनी डबा उघडला. मी थांबवायच्या आत दोन टर्मिनलं कॅमेऱ्यासमोर होती, दोन्हींवर मार्करने तारीख आणि नंबर. एकाच्या टोपीखाली नख घातलं तर ती पापुद्र्यासारखी उठली, खाली काच काळी. दुसऱ्याची हलेना. काकांनी घरगुती चाचणीच केली होती. जुन्या सिलिंडरात तेल, गॅस आणि टर्मिनलं घालायची, रात्रभर गरम पाण्यात ठेवायची, सकाळी दुसऱ्या व्हॅक्यूम केलेल्या सिलिंडराला जोडून व्हॉल्व्ह फटकन उघडायचा. दाब एकदम पडतो, आणि गॅसही वाया जात नाही. असं वर्षभर. नापास झालेलं एकही टाकलेलं नव्हतं, सगळी या डब्यात. आणि मी सहा वर्षांत एकदाही "काही रिजेक्ट पीस आहेत का?" असं विचारलं नव्हतं.

"हे असं दाखवून रेकॉर्डवर येणार नाही," साहेब म्हणाले, "प्रतिज्ञापत्रावर द्या. क्लेम दुरुस्त करायचा असेल तर कलम ५९ पाहून करा. लेखी म्हणणं पंधरा दिवसांत." बैठक बारा दहाला संपली.

काका तलावपाळीला जाऊन काहीतरी खाऊ म्हणाले, मी नाही म्हटलं. पोटात गोळा आला होता. क्लेम म्हणजे ज्यावर हक्क मागतो ते नेमके शब्द. कलम ५९ म्हणजे असं, की दुरुस्त केलेला क्लेम आधीच्या क्लेमच्या कुंपणाच्या आतच बसला पाहिजे, आणि मूळ कागदात नसलेलं नवं काही घुसवता येत नाही. आमचा मूळ क्लेम ऐसपैस होता, काचेला चिकटवलेली कोणतीही टोपी. तो अरुंद करायला परवानगी आहे. आधार काय? आकृती दोन, ते एक वाक्य, आणि पहिल्या दिवसापासून फट होती हे दाखवायला बिलाच्या पाठीवरचं चित्र. आकृती दोनमधली फटही त्या दिवशी मी नीटनेटकी केली असती, तर पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये फक्त ते वाक्य उरलं असतं, आणि एकट्या वाक्यावर कंट्रोलर किती विश्वास ठेवतो ते मला माहीत आहे.

पुढचे चार दिवस मी वागळेला काकांच्या शेडमध्ये बसून होते. श्रीखंडाच्या डब्यातलं एकेक टर्मिनल काढायचं, नंबर वाचायचा, काकांच्या वहीत शोधायचा, पाय सुटला की नाही ते लिहायचं, फोटो काढायचा. वही म्हणजे गॅस भरण्याच्या हिशेबाची; मधूनच "४१०, २ किलो, उधार" असं यायचं. काकांचा मुलगा मोजमाप घ्यायला व्हर्निअर घेऊन बसला. एका नंबराला वहीत काहीच सापडेना, तर काका म्हणाले, तो माझ्या साल्याच्या लग्नाच्या दिवशीचा, लिहायचा राहिला. तो आम्ही वगळला. आकृती तीन काढून टाकली, तशी विनंती स्वतंत्र परिच्छेदात केली. पहिलं परदेशी पेटंट जे करा म्हणतं त्याच्या उलट आम्ही करतो, हे एका पानात मांडलं. एकच पान. तेराव्या दिवशी अपलोड केलं.

पेटंट मंजूर झाल्याचं कळलं त्या दुपारी मी स्वतः शेडवर गेले. काका एक कंप्रेसर लेथवर लावून बसले होते, हात तेलकट, म्हणून क्लेम मीच वाचून दाखवला, मराठी करून. टोपीचा पाय काचेला चिकटलेला, वरचा भाग पिनेपासून मोकळा. मग प्रामाणिकपणे सांगितलं, की क्लेम आता बराच लहान झालाय. उद्या कुणी तुमचीच टोपी घेऊन वरपर्यंत चिकटवली, तर तो क्लेमच्या बाहेर. त्याला आपण काही करू शकणार नाही.

काकांनी लेथ बंद केला.

"चिकटवू दे की," ते म्हणाले. "त्याचे कंप्रेसर रिपेअरला माझ्याकडेच येतील."