आमची वाटचाल : करडई, घाणा आणि तो पामोलीनचा डबा

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात वडिलांनी १९८७ साली एक्स्पेलर, म्हणजे तेल काढायचं यंत्र, टाकला. सुगीत दारापुढे करडईच्या बैलगाड्यांची रांग लागायची. १९९४ साली पामोलीनची, म्हणजे पातळ पामतेलाची, आयात खुली झाली, १९९८ साली त्यावरचा कर १५ टक्क्यांवर आला आणि आमचं कंबरडं मोडलं.

पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं (नाव घेत नाही, त्याला कळेलच) शेंगतेल म्हणून पामोलीन मिसळलेला डबा काढला. पुसाच्या थंडीत त्याची बाटली रात्रभर ओट्यावर ठेवली की पहाटे तळाला तुपासारखी कणी धरायची. मी ती गिऱ्हाइकांना दाखवायचो. लोक बघायचे, माना डोलवायचे आणि डबा त्याच्याकडूनच न्यायचे. १९९९ च्या दिवाळीत एक्स्पेलर भंगारात किलोवर गेला. वडील त्या दिवशी रानात जाऊन बसले, ते जेवायलाही आले नाहीत. शेतकऱ्यांनी तरी काय करावं? पायाला पोती गुंडाळून काटे झेलत करडई कापायची आणि भाव मात्र नाही. रान सोयाबीन-हरभऱ्याकडे वळलं.

खानावळीच्या मावशी तेवढ्या दर दिवाळीला विचारायच्या, "घाणा कधी लावतोस रे?" २०१३ मध्ये लाकडी घाणा लावला तेव्हा पाच डब्यांचे पैसे त्यांनी आधीच हातावर ठेवले. आमची लाट (घाण्यात बी चिरडणारा दांडा) बाभळीची. बी ओलं असलं की ती कुंथते, आवाजावरूनच कळतं. नव्यानं घाणा टाकणाऱ्यांना सांगतो, बी दोन उन्हं जास्त द्या, तेल चार दिवस निवळू द्या, आणि उधारी कोणालाही नको.

२८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली आणि आमच्या दारात पुन्हा रांग लागली. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मग मोबाईलवर तिकडचे छोटे शेतकरी जाकार्तात मोर्चा काढताना दिसले. पामफळ तोडल्यावर एक-दोन दिवसांत गिरणीत गेलं नाही तर तेल आंबट होतं, त्यामुळे भाव पडला तरी घरात साठवता येत नाही. निर्यातबंदीत आपल्या कांदेवाल्याचं होतं तेच. २३ मे ला बंदी उठली आणि आमची रांगही उठली.

त्या तेलासाठी जंगलं तोडली, दलदलीची रानं वाळवून पेटवली, २०१५ साली धूर सिंगापूरपर्यंत गेला. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. पण पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, आमची कोरडवाहू करडई पाव टनाच्या आतबाहेर. उद्या सगळ्यांनी माझंच तेल मागितलं तर रान कुठून आणायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझं भांडण त्या फळवाल्याशी नाही, पेठेतल्या डब्याशी आहे.

सध्या पाच शेतकरी माझ्यासाठी करडई पेरतात, भाव पेरणीआधी ठरतो. मावशींचा डबा उधारीवरच जातो.