एलएलसीच्या नावावरची व्हॅन आणि कॅलिफोर्नियाचा लेमन लॉ

सप्टेंबर २०२२, गणपतीतला शनिवार. माझा केटरिंगचा धंदा; व्हॅनच्या मागे दीडशे माणसांचा महाप्रसाद, मसालेभाताची पातेली आणि मोदकांचे ट्रे. मी फ्रीमाँटहून सॅन होजेकडे ८८० हायवेवर निघाले होते. मधल्या लेनमध्ये असताना ॲक्सिलरेटर दाबूनही व्हॅन ओढेना. ताशी ६५ मैलांवरून ३५ वर आली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मागच्या ट्रकचा हॉर्न अजून कानात आहे. कशीबशी शोल्डरला घेतली, इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं, तर गाडी काहीच न झाल्यासारखी चालू लागली.

जूनमध्ये ४२ हजार डॉलरला घेतलेली नवीकोरी कार्गो व्हॅन, मीटरवर ३,६०० मैल. तेव्हाच डीलरकडे न्यायला हवी होती. पण पुढे नवरात्र, ऑर्डरी भरलेल्या, म्हणून ढकलत राहिले. ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा तसंच झालं तेव्हा नेली. मीटरवर ६,००० मैल होते. या उशिराची किंमत पुढे सांगते.

पहिल्या खेपेला त्यांनी गाडी दोन दिवस ठेवली आणि ‘काही दोष आढळला नाही’ म्हणून किल्ली हातात दिली. कागद मागितला, तर म्हणाले, कामच केलं नाही तर रिपेअर ऑर्डर कशाची? मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आमच्या किचनमध्ये फ्रीजचं तापमान रोज लिहून ठेवतो. नोंद नसेल तर तपासणीला आलेल्या माणसाला काय दाखवणार? काउंटरशी उभी राहून म्हटलं, दोष सापडला नाही असंच लिहा, पण माझी तक्रार माझ्या शब्दांत लिहा: हायवेवर चालत्या गाडीची ताकद जाते. गाडी आली कधी, गेली कधी, मैल किती, तेही लिहा. वीस मिनिटं लागली, पण तो कागद मिळाला. पुढे सगळं त्या कागदावर उभं राहिलं.

नोव्हेंबरमध्ये ९ दिवस, एक सेन्सर बदलला. डिसेंबरमध्ये १८ दिवस, सॉफ्टवेअर आणि ट्रान्समिशनचा कुठलातरी भाग. जानेवारीत ११ दिवस. डिसेंबरच्या आधी मी डॅशकॅम बसवला होता, त्यामुळे ‘आमच्याकडे आल्यावर होत नाही’ हे उत्तर तरी थांबलं. मधल्या काळात भाड्याच्या व्हॅनवर धंदा चालवला.

व्हॅन बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर सांगितलं की गाडी एलएलसीच्या (धंद्यासाठी नोंदवलेल्या माझ्या छोट्या कंपनीच्या) नावावर आहे, आणि लेमन लॉ, म्हणजे दुरुस्त न होणारी नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारा कायदा, घरगुती गाड्यांसाठी असतो. मी ते खरं धरून चाललेही. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीचं जेवण माझ्याकडे होतं, तिथे ओळखीतली एक वकील मुलगी भेटली. तिने दोनच प्रश्न विचारले.

“ताई, एलएलसीच्या नावावर एकूण गाड्या किती?”

“ही एकच.”

“आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वजन किती लिहिलंय?”

पार्किंगमध्ये जाऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं. नऊ हजार पौंडांच्या आसपास.

“मग कायदा तुम्हाला लागू आहे,” ती म्हणाली.

कॅलिफोर्नियाचा लेमन लॉ म्हणजे सॉन्ग-बेव्हर्ली कायदा, १९७० चा. धंद्यासाठी घेतलेली नवी गाडीही त्यात येते, मग ती एलएलसीच्या किंवा कंपनीच्या नावावर का असेना. अटी दोन: एकूण वजन १० हजार पौंडांच्या आत, आणि त्या धंद्याच्या नावावर राज्यात पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत, यांतलं जे आधी येईल तोवर, जिवाला धोका होईल असा दोष दोन खेपांत गेला नाही, किंवा एकच दोष चार खेपांत गेला नाही, किंवा दुरुस्तीसाठी गाडी सगळी मिळून ३० दिवसांहून जास्त अडकली, तर दुरुस्तीची पुरेशी संधी देऊन झाली असं कायदा धरून चालतो. माझे ४० दिवस झाले होते.

तिने एका लेमन लॉवाल्या वकिलाकडे पाठवलं. ग्राहक जिंकला तर वकिलाची फी कंपनीने द्यायची, असं कायद्यातच आहे, त्यामुळे माझ्या खिशातून काही गेलं नाही. गाडीच्या पुस्तिकेतल्या पत्त्यावर सर्टिफाइड मेलने पत्र, सोबत चारही रिपेअर ऑर्डर, भाड्याची बिलं आणि व्हिडिओ. कर्जाचे हप्ते मात्र मी एकही चुकवला नाही. वकिलाने ते पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

जूनमध्ये कंपनी गाडी परत घ्यायला तयार झाली. किंमत, सेल्स टॅक्स, रजिस्ट्रेशन, व्हॅनचं भाडं, सगळं आलं. त्यातून वापराची वजावट होते: पहिल्यांदा दुरुस्तीला नेली तेव्हाचे मैल भागिले १ लाख २० हजार, गुणिले किंमत. माझे ६,००० मैल, म्हणजे २,१०० डॉलर गेले. गणपतीतच नेली असती तर १,२६० गेले असते. ८४० डॉलरचा फरक, फक्त ढकलत राहिल्यामुळे. बुडालेल्या ऑर्डरींचे पैसे तडजोडीत मिळाले नाहीत, आणि मला ते अजून लागतं.

ज्यांची गाडी आत्ता अडली आहे त्यांच्यासाठी: २०२५ पासून नियम बदललेत. ज्या कंपन्यांनी नवी पद्धत स्वीकारली आहे, त्यांच्याबाबत वॉरंटी संपल्यापासून एका वर्षात दावा लावावा लागतो, आणि परताव्याशिवाय कंपनीकडून दंडही मागायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. वॉरंटी शिल्लक असलेली जुनी व्हॅन घेणाऱ्यांनीही जपावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की विक्रीसोबत कंपनीची नवी वॉरंटी दिलेली नसेल, तर अशी गाडी या परताव्यासाठी ‘नवी’ धरली जात नाही.

आपण स्वतः बसवलेल्या वस्तूंचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून व्हॅन द्यायच्या आदल्या रात्री नवऱ्याने आणि मी स्टीलचे रॅक उघडून काढले. आतलं इन्सुलेशन चिकटवलेलं होतं, ते निघेना, तसंच गेलं. परत घेतलेली गाडी पुन्हा विकायची तर तिच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘लेमन लॉ बायबॅक’ असा शिक्का येतो आणि डाव्या दाराच्या चौकटीवर तसं स्टिकर लागतं. सह्या झाल्यावर मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, ते स्टिकर नक्की लावाल ना? तो हो म्हणाला. पुढे जो कुणी ती घेईल, त्याला ८८० वर चढण्याआधी ते दिसायला हवं होतं.