बारीक दाण्याची फिल्म घरी धुताना

कृष्णधवल निगेटिव्हचा दाणा (प्रतिमा घडवणाऱ्या चांदीच्या कणांचा पोत) बारीक यावा म्हणून अनेक हौशी मंडळी महागड्या डेव्हलपरच्या, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणाच्या, शोधात असतात. माझे मत निराळे आहे. इल्फर्डची पॅन एफ प्लस किंवा कोडॅकची टी-मॅक्स १०० या फिल्मचा दाणा मुळातच बारीक असतो. आपल्या हाती उरते ते फक्त तो बिघडू न देणे. एक्स्पोजर गरजेपेक्षा जास्त दिले किंवा फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवली, की चांदीचे कण दाटतात आणि मोठ्या प्रिंटवर आकाश खरखरीत दिसू लागते.

मी डी-२३ हा डेव्हलपर वापरतो, कारण त्यात दोनच रसायने लागतात: एक लिटरला ७.५ ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट. कोमट पाण्यात आधी सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल आणि ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, हा क्रम मोडू नये. सल्फाइट आधीच भरपूर पडले असेल तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, त्यामुळे हातमोजे हवेतच. इतके सल्फाइट फिल्मवरच्या सिल्व्हर हॅलाइडच्या (प्रकाशाला संवेदनशील क्षाराच्या) कणांच्या कडा किंचित विरघळवते आणि दाणा मऊ करते, मात्र त्यापायी प्रतिमेची थोडी धार जाते. सल्फाइटचा हा परिणाम सौम्य व्हावा म्हणून मी द्रावणात तितकेच पाणी मिसळतो आणि एकदा वापरून टाकून देतो.

खरी कसोटी तापमानाची. तक्त्यांमधील वेळा बहुधा २० अंश सेल्सिअसच्या असतात आणि पुण्यात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी तिशीच्या पुढे असते. २० अंशांचा हट्ट धरण्यापेक्षा डेव्हलपर, फिक्सर (प्रतिमा कायम करणारे द्रावण) आणि धुण्याचे पाणी ही सगळीच भांडी परातीतल्या गार पाण्यात ठेवून २४ अंशांवर आणावीत आणि १० मिनिटांच्या जागी साधारण ७ मिनिटे धरावीत, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वेळ ५ मिनिटांच्या खाली गेली तर मात्र डेव्हलपिंग असमान होण्याचा धोका असतो.

टी-मॅक्सला फिक्सरमध्ये जास्त वेळ लागतो; निगेटिव्हवर गडद गुलाबी झाक राहिली असेल, तर फिक्सिंग अपुरे झाले असण्याची शक्यता असते. हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारे रसायन) नसलेला फिक्सर असेल, तर फिक्सर धुऊन काढण्यासाठी इल्फर्डने सुचवल्याप्रमाणे डेव्हलपिंगची छोटी टाकी पाण्याने भरून ५ वेळा, पाणी बदलून १० वेळा आणि पुन्हा बदलून २० वेळा उलटसुलट करावी. पाणीकपातीच्या दिवसांत नळ सोडून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग टाळायचे असतील, तर शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरची असावी.

पॅन एफ प्लसबाबत आणखी एक पथ्य आहे. या फिल्मवरची सुप्त प्रतिमा (डेव्हलप होण्याआधीची अदृश्य प्रतिमा) फार काळ टिकत नाही, म्हणून काढलेला रोल कपाटात न ठेवता शक्यतो लगेच, निदान तीन महिन्यांच्या आत तरी धुवावा.