बिल्ला हरवलेला ५१ सेंटिमीटर: माग कुठवर लागला

सध्या टेबलावर एक ५१ सेंटिमीटरचा कृष्णधवल टीव्ही सेट उघडा पडलाय. लाकडी कॅबिनेट, दोन्ही बाजूंनी सरकणारी शटरं, खाली पाय बसवायच्या पट्ट्या, पाय नाहीत. कंपनीच्या नावाचा पुढचा बिल्लाही नाही. त्या जागी दोन बारीक भोकं आणि आजूबाजूपेक्षा गडद राहिलेला पॉलिशचा तुकडा. मागच्या हार्डबोर्डवरचं लेबल कसरीने खाल्लंय; ‘२३० व्होल्ट’ एवढंच वाचता येतं. म्हणजे सेट कुणाचा हे त्याच्या पोटातूनच काढायचं. मागच्या नोंदीनंतर काम बरंच सरकलंय, त्याचा हा हिशेब.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी आधी थोडं मागचं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही चित्र दिसू लागलं. मागणी वाढली, पण मोठ्या उद्योगसमूहांना या धंद्यात सहज शिरू द्यायचं नाही असं तेव्हाचं धोरण होतं. परवाने मुख्यतः लघुउद्योगांना आणि सरकारी कंपन्यांना मिळाले. अणुऊर्जा विभागाखाली १९६७ मध्ये हैदराबादला निघालेली ईसीआयएल, लखनऊचं अपट्रॉन, केरळचं केल्ट्रॉन ही नावं आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्यांच्या सावलीत असंख्य लहान जुळणीवाले होते. पिक्चर ट्यूब एकाकडून, ट्यूनर (चॅनेल लावायचा भाग) दुसऱ्याकडून, कॅबिनेट ओळखीच्या सुताराकडून, आणि आपलं म्हणावं असं फक्त पुढचं नाव. मला गोडी आहे ती या लहान मंडळींच्या सेटची. मोठ्यांची सर्किटं आणि माहितीपत्रकं थोडी शोधाशोध केली की सापडतात. यांचं बहुतेक काहीच उरलेलं नाही.

म्हणून ‘हा सेट कोणत्या कंपनीचा?’ असं कुणी विचारलं की मी तीन प्रश्न उलट विचारतो. विकला कुणी? जुळवला कुणी? आणि आतलं सर्किट कुणाचं? बिल्ला फक्त पहिल्याचं उत्तर देतो. संग्राहकांच्या याद्या सगळ्या बिल्ल्यावरून लावलेल्या असतात, आणि माझ्या मते ती यादी म्हणजे दुकानांची यादी, सेटची नव्हे.

तुलनेला माझ्याकडे बिल्ला शाबूत असलेले दोन सेट आहेत. त्यांना इथे ‘क’ आणि ‘ख’ म्हणतो. मुद्दामच, नाव लिहिलं की सगळे नावाकडेच बघत बसतात. ‘क’चं कॅबिनेट आणि या बिनबिल्ल्याचं कॅबिनेट जुळी भावंडं आहेत. शटरची मूठ, व्हिनिअरच्या रेषांची दिशा, स्पीकरच्या जाळीचं कापड, सगळं तेच. ‘ख’ मात्र दिसायला अगदी वेगळा: शटर नाही, कडेला सनमायका, बटणं उजवीकडे उभ्या रांगेत. पाहणारा कुणीही बिनबिल्ल्याला ‘क’शेजारी ठेवेल.

पिक्चर ट्यूबने फारशी मदत केली नाही. मानेच्या काचेवर जोडाचं कडं स्पष्ट दिसतं, म्हणजे ट्यूबची गन कधीतरी बदललेली आहे. असं रीगन करणं आपल्याकडे सर्रास चालायचं. अशी ट्यूब मूळ कारखान्यातली असेलच असं नाही, त्यामुळे तिच्या लेबलवरून सेटचं वय ठरवू नये.

वय काढलं ते कंडेन्सरवरून. बऱ्याच इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. या बोर्डावरचे बहुतेक १९७८ च्या उत्तरार्धातले आहेत, मूळ डागातला (म्हणजे कारखान्यातच सोल्डर केलेला) सगळ्यात अलीकडचा जानेवारी १९७९ चा. एक १९८६ चाही आहे, पण त्याचा डाग गोळा झालेला, आजूबाजूला फ्लक्सचा पिवळा थर, पाय लांब ठेवलेले. ती नंतरची दुरुस्ती. मूळ डागातली सगळ्यात उशिराची तारीख हीच धरायची. सेट तिच्या आधीचा असू शकत नाही. नंतर किती, हे कंडेन्सर सांगत नाही, कारण लहान कारखान्यात माल महिनोन्‌महिने खोक्यात पडून असायचा. आयसीवरचा चार अंकी आकडा (पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे) याच्याशी जुळतो: आवाजाच्या भागातल्या आयसीवर ७८४१ आहे, म्हणजे १९७८ चा ४१ वा आठवडा.

आता खरा मजेचा भाग, फिलामेंटची माळ. सेट हायब्रिड आहे: बारीक सिग्नलचं काम ट्रान्झिस्टर करतात, ताकदीचं काम व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या; त्यांना आतून तापवणारी तार म्हणजे फिलामेंट. नावाची सुरुवात ‘पी’ने होणारे व्हॉल्व्ह ३०० मिलिअँपिअरचे असतात आणि त्यांची फिलामेंटं एकामागे एक जोडून सरळ मेनवर टाकतात. या सेटमध्ये पीएल ५०४ (२७ व्होल्ट), पीवाय ८८ (३०), पीसीएल ८०५ (१८), पीसीएल ८६ (१४.५), पीसीएफ ८०२ (९) आणि शेवटी पिक्चर ट्यूब (६.३). बेरीज सुमारे १०५ व्होल्ट. डीवाय ८०२ या माळेत येत नाही, त्याचं फिलामेंट ईएचटीवरच्या (पिक्चर ट्यूबचा अतिउच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) वेगळ्या वेढ्यावर चालतं. मेन २३० चं, म्हणजे १२५ व्होल्ट कुठेतरी जिरवायला हवेत. निव्वळ रेझिस्टरने जिरवले तर साडेसदतीस वॅट उष्णता होते. लाकडी खोक्यात तेवढी शेगडीच म्हणा. दुसरी युक्ती अशी की माळेत एक डायोड घालायचा. अर्धीच लाट जाते, परिणामी दाब १६३ वर येतो, आणि रेझिस्टरला उरलेले ५८ व्होल्टच, म्हणजे जेमतेम साडेसतरा वॅट, सोसावे लागतात.

‘क’मध्ये डायोड नाही. चासीच्या (आतल्या धातूच्या सांगाड्याच्या) वरच्या कोपऱ्यात भला मोठा वायरवाउंड रेझिस्टर, आणि त्याच्या डोक्यावरचं कॅबिनेटचं लाकूड काळं पडलेलं. ‘ख’मध्ये डायोड आहे. बिनबिल्ल्यातही आहे. इथे मला पहिल्यांदा शंका आली की कॅबिनेट आपल्याला भलतीकडे नेतंय.

एका डायोडवरून काही ठरत नाही, ती युक्ती अनेकांना माहीत होती. म्हणून मग बोर्ड काढला. तपकिरी फिनॉलिक पीसीबी, रेषा हाताने टेप लावून आखलेल्या. वळणं गोलसर आणि जाडी कमीजास्त. छपाईत भागांचे क्रमांक शेकड्यांनी पाडलेले: आयएफला (ट्यूनरनंतर सिग्नल वाढवणारा भाग) शंभराची माळ, व्हिडिओला दोनशेची, व्हर्टिकलला (चित्र वरून खाली आखणारा भाग) चारशेची. तीनशेची माळच नाही. ‘ख’मध्येही तीनशे गायब. मूळ आराखड्यात तिथे जो भाग होता तो पुढे गळला असणार आणि कुणी क्रमांक बदलायची तसदी घेतली नाही.

पण खात्री झाली ती एका निळ्या तारेने. व्हर्टिकलच्या भागात, पीसीएल ८०५ च्या बेसजवळ (व्हॉल्व्ह खोचायच्या खोबणीजवळ), तांब्याची एक रेघ ब्लेडने कापलेली आहे आणि तिथून दोन इंच लांब निळी तार दुसऱ्या बिंदूला जोडलेली. डाग स्वच्छ, बाकीच्या डागांसारखाच, वरून तोच लॅकर. म्हणजे हे मेकॅनिकचं काम नाही. आखणीत चूक राहिली होती आणि ती कारखान्यातच निस्तरली. ‘ख’ उलटा केला. तीच रेघ, त्याच ठिकाणी कापलेली, तीच निळी तार. आराखडा दोन कारखान्यांकडे एकच असू शकतो, कारण सुटे भाग बनवणारे तयार सर्किटं छापून द्यायचे आणि ती सगळेच वापरायचे. पण आखणीतली चूक आणि तिची दुरुस्ती दोघांकडे हुबेहूब सारखी असेल तर बोर्ड एकाच हातचे. निदान एकाच छापाचे.

तेव्हा सध्याचं मत असं: कॅबिनेट ‘क’च्या सुताराचं, बोर्ड ‘ख’च्या जुळणीवाल्याचा, आणि विकणारा कदाचित तिसराच. पाठीमागे, ट्यूबच्या सावलीत लाकडावर पेन्सिलीने एक आकडा आणि इंग्रजी ‘पी’ लिहिलेलं आहे. ‘क’मध्येही पेन्सिलीचा आकडा आहे, पण अक्षर वेगळं. मला वाटतं ही सुताराची गिऱ्हाईकनिहाय खूण असावी, एकाच नमुन्याची खोकी वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे पाठवताना केलेली. पुरावा म्हणून मात्र अजून एवढं वजन देत नाही.

ट्यूनर नेहमीचा टरेट, म्हणजे चॅनेलच्या पट्ट्यांचं फिरतं पिंप असलेला, खटक्याचा, मुठीवर २ ते १२. आत मोजक्याच चॅनेलच्या पट्ट्या बसवलेल्या, बाकी खाचा रिकाम्या. सेट कुठल्या इलाख्यात विकला गेला याचा हा चांगला दुवा असतो, पण पट्ट्या सहज बदलता येतात. नोंद करून ठेवली आहे, पुढे जात नाही.

‘क’सोबत टपाल खात्याचं लायसन्स पुस्तकही आलं होतं. टीव्हीला लायसन्स लागायचं त्या काळातलं, शुल्काची तिकिटं चिकटवलेलं. मेकच्या रकान्यात बिल्ल्यावरचंच नाव. कारकुनाने बिल्ला पाहूनच लिहिलं असणार, दुसरं काय लिहील तो.

सेट अजून चालू केलेला नाही, आणि ओळख पटवायला चालू करायची गरजही नसते. या सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नाही. प्लग उलटा बसला तर चासीवर फेज येते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात घालू नका. ट्यूबच्या अॅनोडवर १८ किलोव्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेट बंद केल्यावरही तो रेंगाळतो, तेव्हा अॅनोडची टोपी काढण्याआधी अर्थिंग करून तो उतरवून घ्या.

पुढचं काम चित्र आणण्याचं. दूरदर्शनचे जमिनीवरचे अॅनालॉग प्रक्षेपक आता जवळजवळ सगळे बंद, त्यामुळे मॉड्युलेटर, म्हणजे चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनेलवर चढवून देणारी डबी, लागतो. जुन्या व्हिडिओ गेमसोबतचे काही मॉड्युलेटर अमेरिकी चॅनेल ३ चे असतात: चित्र ६१.२५ मेगाहर्ट्झवर, आवाज त्यापासून साडेचार मेगाहर्ट्झ दूर. आपल्या चॅनेल ४ चं चित्र ६२.२५ वर आणि आवाज ६७.७५ वर, म्हणजे साडेपाचचं अंतर. फाइन ट्यूनिंग फिरवून चित्र धरता येतं, आवाज मात्र येत नाही. यूएचएफवाला (वरच्या पट्ट्यातला) मॉड्युलेटर तर या टरेटला दिसणारही नाही. त्यामुळे व्हीएचएफचा (२ ते १२ चॅनेलच्या पट्ट्यातला), साडेपाचच्या अंतराचा मॉड्युलेटर स्वतःच जुळवायला घेतलाय. त्याआधी मोठे इलेक्ट्रोलिटिक सिरीज बल्बवर (मेनच्या वाटेत बल्ब जोडून) हळूहळू जागे करायचे आहेत.

दरम्यान, कुणाकडे १९७८ ते १९८० च्या सुमाराचा लहान नावाचा हायब्रिड सेट असेल तर पुढचा बिल्ला सोडा, बोर्ड उलटा करून दोन गोष्टी बघा: तीनशेची माळ आहे का, आणि पीसीएल ८०५ च्या बेसजवळ कापलेली रेघ दिसते का. तार निळी नसली तरी चालेल, रंग हाताशी असेल तो वापरत. कापल्याची जागा महत्त्वाची. बेसच्या सातव्या पिनेपासून मोजलेलं अंतर आणि बोर्डाची लांबी-रुंदी एवढं कळवलं तरी ताडून बघता येईल.