टेकडी आणि पडकी भिंत: फोमचं टेरेन, कमी खर्चात

टेरेन म्हणजे मिनिएचर (छोटे पुतळे) घेऊन टेबलावर खेळायच्या खेळातला टेकड्या-भिंतींचा देखावा. घरी केलेलं टेरेन रंगामुळे क्वचितच बिघडतं. बिघडतं ते खालच्या पाट्यामुळे आणि अस्तर नीट न दिल्यामुळे.

पॅकिंगमधला पांढरा थर्माकोल फुकट मिळतो, पण कापला की दाणे घरभर होतात आणि कितीही रंगवा, कडेला ते दिसतातच. तो टेकडीच्या पोटात भरायला ठेवा. बाहेरचं काम इन्सुलेशनच्या निळ्या किंवा गुलाबी एक्सपीएस (दाणे नसलेल्या, घट्ट) फोममध्ये करा. त्यावर पेन्सिल दाबून ओढलेली रेघसुद्धा टिकते. कटरचं पातं मात्र नवं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. एकाच झटक्यात आरपार जाऊ नका, तीन हात फिरवा.

टेकडीला २५ मिमी जाडीचे दोन थर पुरतात. गोलसर उतार फोटोत छान दिसतो, खेळताना मिनिएचर त्यावरून घसरतं. म्हणून पायऱ्या. मिनिएचरच्या पायाखालच्या चकत्या, म्हणजे बेस, २५ ते ३२ मिमीचे असतील तर पायरी निदान ४० मिमी रुंद ठेवा. दोन थरांमध्ये पांढरा पीव्हीए गोंद लावला तर मधे हवा पोचत नाही आणि तो दिवसभरानंतरही ओला सापडतो. काठावर गोंद, मधे टूथपिक खुपसून वर वजन, हे बरं. हॉट ग्लू चालतो, पण कमी तापमानाचा. जास्त तापला की फोममध्ये खड्डा.

खाली पाटा म्हणून ३ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) घ्या. पुठ्ठा एका बाजूने भिजतो, वाळताना गोंद आकसतो आणि पुठ्ठा होडीसारखा वर वळतो. पुठ्ठाच असेल तर खालूनही तितकाच गोंद फासा.

भिंतीसाठी १० मिमी फोम. २८ मिमीच्या मिनिएचरला आडोसा म्हणून १५ ते १८ मिमी उंची पुरे. दरवाजा ४० ते ४५ मिमी, कारण बेसची उंचीही त्यात येते. विटा कोरायच्या भानगडीत पडू नका. या मापात खरी वीट जेमतेम ४ मिमी लांब आणि मिलिमीटरभर उंच होते. ओबडधोबड दगड कोरा. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबत फिरवला की दगडाचा पोत आयता येतो. पडकी कड हाताने मोडा, कापलेली कड खोटी वाटते.

आता अस्तर. पीव्हीए आणि काळा ॲक्रिलिक रंग समसमान, दोन हात, खाचांच्या तळापर्यंत. स्प्रे रंगातलं सॉल्व्हंट फोम विरघळवतं. सुईच्या टोकाएवढी जागा उघडी राहिली तरी तिथून पोखरतं. खात्री नसेल तर स्प्रे नकोच, ब्रशनेच रंगवा.

जमिनीवर पीव्हीए लावून बारीक वाळू भुरभुरा आणि रात्रभर वाळू द्या. जास्तीची झटकून वरून एक भाग पीव्हीए, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब सोडा. हा थेंब विसरलात तर पाणी वाळूवर मोत्यासारखं उभं राहतं, आत मुरत नाही.

मूळ रंग गडद, त्यावर दोन फिकट ड्रायब्रश, म्हणजे कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर रंग. ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा झाला की मगच टेकवा. ओला राहिला तर दगडांवर खडूसारखे पट्टे उठतात आणि ते झाकायला पुन्हा गडद रंगापासून सुरुवात करावी लागते.